घड्याळांचा संग्रह कमी करायचा का? ठरवण्याची एक रीत

चाळीस-पन्नासच्या पुढे घड्याळं गेली की ‘आता थोडी काढून टाकावीत’ असं एकदा तरी मनात येतंच. कधी घरचे सुचवतात, कधी कपाटात जागा उरत नाही, कधी आपला नेहमीचा घड्याळजी दुकान आवरतो आणि पुढचं सगळं अवघड दिसायला लागतं. अशा वेळी घाईने दहा-बारा घड्याळं विकून टाकणारे आणि नंतर त्यांतलीच दोन चढ्या भावाने शोधत फिरणारे बरेच जण माझ्या पाहण्यात आहेत. विकायची की नाही हे ठरवायलाही एक क्रम लागतो. तो इथे देतो आहे.

माझं मत आधीच सांगतो. किती घड्याळं असावीत याला काही नेम नाही. आपल्या हातून किती घड्याळं चालती राहतील, एवढंच स्वतःला विचारायचं. ज्याला दोनशे चालती ठेवता येतात त्याने खुशाल दोनशे ठेवावीत. ज्याच्या तीसांतली वीस बंद पडून आहेत, त्याचा संग्रह मात्र आजच झेपेनासा झालेला आहे.

उदाहरणं आपल्याकडच्या घरांत सापडणाऱ्या घड्याळांचीच घेतो: एचएमटी, टायटन, ऑल्विन, सिटिझन, सेको ५, आणि आजोबांच्या काळातली फेवरलुबा, वेस्ट एंड. लाखोंची घड्याळं बाळगणाऱ्यांनाही क्रम हाच. त्यांना कागदपत्रं आणि विमा यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, इतकंच.

१. कमी का करायची, हे लिहून काढा

एका ओळीत लिहा. मनातल्या मनात ठेवलं तर कारण दर आठवड्याला बदलतं. ‘मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवेत’, ‘नवं घर लहान आहे’, ‘सर्व्हिसिंग झेपत नाही’, ‘आवड बदलली, आता फक्त एचएमटीच जमवायची आहेत’, ‘साठी उलटली, मागे कोणाला त्रास नको’ – या प्रत्येक कारणाचा निकाल वेगळा लागतो. पैसे हवे असतील तर दोन-तीन महागडी घड्याळं विकून काम होतं; स्वस्तातली तीस विकण्यात शक्ती घालवायची गरज नाही. सांभाळणं झेपत नसेल तर नेमकं उलटं: महागडी राहू द्या, बारकी तीस आधी काढा.

‘फार झाली आहेत असं वाटतं’ एवढंच कारण सापडत असेल, तर विक्रीला हात लावू नका. अशा वेळी बहुधा कंटाळा खरेदीचा आलेला असतो. रोज रात्री लिलावाची पानं चाळणं, ‘हे एक शेवटचं’ म्हणणं, कुरिअरची वाट पाहणं. सहा महिने एकही घड्याळ घेऊ नका. तेवढ्यात बऱ्याच जणांना आपल्याजवळची घड्याळं पुन्हा आवडायला लागतात.

२. सगळी एका ठिकाणी आणा आणि नोंद करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण यावरच पुढचं सगळं उभं आहे. कपाट, खण, बँकेचा लॉकर, गावाकडची पेटी, घड्याळजीकडे दुरुस्तीला पडलेली, भावाला वापरायला दिलेली, सगळी धरा. एक चादर अंथरून त्यावर ओळीने मांडा. सगळी एकत्र दिसली की पुष्कळ गोष्टी न विचारता कळतात: एकाच पांढऱ्या डायलची सात घड्याळं, एकाच मापाचे काळे पट्टे, आणि आपल्याला खरं काय आवडतं तेही.

वही किंवा एक्सेल, काहीही चालेल. प्रत्येक घड्याळासाठी एवढं लिहा: नाव, मागच्या झाकणावरचा आकडा, चावीचं की ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) की सेलचं, कुठून आलं, किती रुपयांना, शेवटचं सर्व्हिसिंग कधी, आज चालतं का, बिल-डबी आहे का. डायलचा आणि मागच्या झाकणाचा फोटो काढा. झाकण सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उघडायला जाऊ नका. ओरखडा कायमचा राहतो आणि किंमत उतरते. मशीनचा फोटो पुढच्या वेळी घड्याळजीकडे गेलात की त्याच्याकडून उघडून घ्या.

मांडतानाच दोन कामं उरकून घ्यायची. पहिलं म्हणजे बंद पडलेल्या सगळ्या सेलच्या घड्याळांमधून सेल काढून घेणं. संपलेला सेल आत राहिला की कधीतरी फुटतो. त्यातून क्षार झिरपतो आणि सेलच्या कडेला पांढरट-हिरवट पूड जमते. ती तांब्याच्या पत्तीपर्यंत पोचली तर साफ करून निभावतं. सर्किट आणि केसाहून बारीक तारेच्या गुंडाळीपर्यंत पोचली की मशीनच बदलावं लागतं. दीडशे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या मशीनच्या घड्याळात हे चालून जाईल. २००२ साली आलेल्या टायटन एजसारख्या घड्याळात, जिथे मशीनची जाडी अवघी १.१५ मिलिमीटर आहे, ते परवडत नाही.

दुसरं काम जुन्या रेडियमच्या काट्यांचं. १९६० च्या आधीच्या काही स्विस घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर खरोखरच रेडियमचा लेप असे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. अंधारात चकाकणं कधीच थांबलेलं असतं, किरणोत्सर्ग थांबलेला नसतो. काच शाबूत असलेलं घड्याळ कपाटात ठेवायला हरकत नाही, पण काच फुटलेलं, लेप भुगा होऊन सुटत असलेलं घड्याळ हाताळू नका, फुंकर मारून साफ करू नका आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. वेगळ्या बंद डबीत ठेवून जाणकार घड्याळजीला तसं सांगूनच द्या.

३. खरोखर बंद आहे का, ते पाहा

विकायच्या ढिगात जाणारी निम्मी घड्याळं ‘बिघडलेली’ म्हणून जातात. त्यांतली काही बिघडलेली नसतातच.

सेको ५ च्या ७एस२६ मशीनला हाताने चावी देता येत नाही. महिनोन्महिने पडून राहिलेलं घड्याळ हातात घेऊन लोक चावी फिरवतात, काटा हलत नाही, आणि मशीन गेलं असं ठरवून मोकळे होतात. ते आडवं धरून वीस-तीस वेळा हलक्या हाताने गोल हलवा आणि दिवसभर घाला, मग ठरवा.

यांत्रिक घड्याळ एकाएकी दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं, तर पहिला संशय चुंबकाचा. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, टॅब्लेटचं कव्हर यांमुळे आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावतं. घड्याळ होकायंत्राजवळ नेऊन पाहा. सुई हलली तर घड्याळजीकडे चुंबकत्व काढायचं यंत्र असतं, मिनिटभराचं काम.

तारीख-वार अडकले असतील तर ते बहुधा रात्री नऊ ते पहाटे चारच्या मधे चावी ओढून बदलल्यामुळे. त्या वेळात तारीख बदलणारी चाकं गुंतलेली असतात. दुरुस्ती होते, पण मशीन उघडावं लागतं.

४. वर्षाला किती सर्व्हिसिंग झेपेल?

माझ्या मते सगळा निर्णय या एका हिशेबावर होतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

समजा तुमच्याकडे चावीची आणि ऑटोमॅटिक मिळून ४० घड्याळं आहेत आणि सेलची ३०. वापरातल्या यांत्रिक घड्याळाला साधारण पाच वर्षांतून एकदा सर्व्हिसिंग लागतं असं धरलं तर ४० घड्याळांची वर्षाला ८. सेल दोन-तीन वर्षं चालतो, म्हणजे ३० घड्याळांना वर्षाला १० ते १५ सेल. याला तुमच्या घड्याळजीचा आजचा दर लावा आणि वर्षाचा आकडा काढा. पुष्कळ जणांनी हा आकडा कधी काढलेलाच नसतो. त्यात आधीची थकबाकी मिळवा: या चाळीसांतली किती जण पाच वर्षांच्या पुढे गेली आहेत? पंचवीस असतील, तर नेहमीची आठ सांभाळून ती पंचवीस कधी संपणार?

पैशांपेक्षा अडचण माणसांची आहे. मशीन पूर्ण उघडून, एकेक चाक सुटं करून धुणारा आणि जागेजागी वेगळं तेल घालणारा घड्याळजी आता शोधावा लागतो. काही ठिकाणी मशीन न सोडवता पेट्रोलमध्ये बुचकळून वरून तेल सोडतात. त्याला सर्व्हिसिंग समजू नका. चांगल्या कारागिराकडे रांग असते, आणि तो तुमची महिन्याला एक किंवा दोनच घड्याळं घेईल. मग तुमच्या संग्रहाची मर्यादा त्याच्या टेबलावर ठरते.

तेलाचं एवढं महत्त्व का, हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावं. घड्याळजी एचएमटी जनताचं मागचं झाकण उघडेल तेव्हा त्याचं भिंग मागून घ्या. लालसर खड्याच्या मधोमध पोलादी आसाचं टोक दिसतं. तेल ताजं असेल तर त्या टोकाभोवती पारदर्शक बारीक कडं चमकतं. बरीच वर्षं पडून राहिलेल्या घड्याळात त्या जागी तपकिरी, चिकट डाग असतो, आणि कधीकधी त्यात काळी पूड मिसळलेली असते. ती पूड म्हणजे झिजलेलं पोलाद. असं घड्याळही चालतं. चावी दिली की टिकटिक करतं, दीड दिवस वेळही बरी दाखवतं, आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात ते कोरडं फिरत असतं आणि रोज थोडं झिजत असतं. म्हणून ‘चालतंय की’ हा निकष पुरत नाही. शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं तेच विचारायचं.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे पुष्कळांनी उगाच घड्याळं विकली आहेत. न चालणारं घड्याळ झिजत नाही. तेल सुकतं, पण आस फिरत नसेल तर नुकसान फारसं होत नाही. तेव्हा काही घड्याळं समजून-उमजून झोपवून ठेवता येतात: केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच) आणि पट्टा स्वच्छ पुसून, चावी न देता, कोरड्या जागी. वहीत ‘झोपवलेलं, सर्व्हिसिंगशिवाय चालवू नये’ असं लिहायचं. चाळीसांतली पंधरा झोपवली की चालत्या पंचवीसांना वर्षाला पाचच सर्व्हिसिंग लागतात. कित्येकदा इथेच प्रश्न मिटतो आणि काही विकावं लागत नाही.

तरीही ‘चालती’ आणि ‘झोपवलेली’ यांच्यामध्ये पंधरा-वीस घड्याळं उरली, जी चालवायला वेळ नाही आणि जपून ठेवावीशीही वाटत नाहीत, तर तुम्हाला खरंच कमी करायची आहेत. पुढचं सगळं त्या घड्याळांसाठी.

५. कोणतं जाणार, हे ठरवताना

वर्षाचे दिवस ३६५. सत्तर घड्याळं आळीपाळीने घातली तर एकेकाच्या वाट्याला पाच दिवस येतात, आणि प्रत्यक्षात आपण आवडती आठ-दहाच घालतो. तीन महिने रोज रात्री वहीत त्या दिवशीच्या घड्याळापुढे रेघ मारा. शेवटी ज्यांच्यापुढे एकही रेघ नाही ती घड्याळं डब्यात घालून डोळ्यांआड करा. आणखी तीन महिन्यांत ज्याची आठवण येऊन तुम्ही डबा उघडलात, ते परत जागेवर. बाकीच्यांचा विचार करा.

विचार करताना काही गोष्टी लक्षात घ्या.

एचएमटीच्या बंद पडलेल्या, फुटक्या, डायल गेलेल्या घड्याळांना आधी हात लावू नका. हे बहुतेकांना उलटं वाटेल. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा घड्याळांचा कारखाना बंद करायला मान्यता दिली. सुटे भाग आता जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या घड्याळातूनच येतात. तुमच्या चांगल्या एचएमटी पायलटचा बॅलन्स (गती राखणारं मागेपुढे डोलणारं चाक) गेला, तर त्याच मशीनचं एक मोडकं घड्याळ खणात असणं हाच विमा आहे. ज्या मशीनची पाच-सहा चांगली घड्याळं ठेवणार असाल त्या मशीनची दोन मोडकी नक्की ठेवा. त्यापेक्षा जास्त असतील तर आपल्याच घड्याळजीला द्या. त्याच्या खणात ती तुमच्या आणि इतरांच्याही कामाला येतील.

एकाच घड्याळाचे रंगभेद जमवलेले असतील – काळी, पांढरी, निळी, चंदेरी – तर त्यातली एक-दोन काढून मालिका मोडू नका. एक तर ती सबंध ठेवा, नाही तर सबंध द्या. मोडलेली मालिका तुम्हालाही समाधान देत नाही आणि घेणाऱ्यालाही.

मग रंगवलेल्या डायलची घड्याळं. मुंबईच्या बाजारातून गेली कित्येक वर्षं जुन्या एचएमटी, फेवरलुबा, सेकोच्या डायल नव्याने रंगवून विकल्या जात आहेत. जगभरचे संग्राहक त्यांना मुंबईच्याच नावाने ओळखतात. ओळखायची रीत अशी: दहा पटींचं भिंग घ्या आणि अक्षरांच्या कडा पाहा. कारखान्याची छपाई उंचवट्यासारखी, धारदार असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरं पसरलेली, जाडी कमी-जास्त. मग मिनिटांच्या रेघा पाहा; १२ आणि ६ च्या ठोकळ्यांशी त्या नेमक्या जुळतात की किंचित सरकलेल्या आहेत? तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा थर जमलाय का? पायलटचं ओळखीचं रूप काळ्या डायलचं आहे. भडक नारिंगी किंवा पोपटी पायलट हाती आली तर ती रंगवलेलीच समजून चालावं. संग्रह कमी करायचा असेल तर ही घड्याळं सगळ्यात आधी काढण्याजोगी, पण विकताना ‘डायल रंगवलेली आहे’ हे लिहून सांगायचं. न सांगता विकलेलं घड्याळ बाजारात फिरत राहतं आणि पुढच्या नवख्याला फसवतं.

उलट, ज्याच्या डायलवर डाग आहेत, केसचं निकेल उडालंय, पण सगळे भाग मूळचे आहेत, ते घड्याळ कुरूप दिसलं तरी राखण्याजोगं. ते पॉलिश करायला, डायल ‘नवी’ करून घ्यायला देऊ नका.

६. घरच्यांना विचारल्याशिवाय एकही नाही

वडिलांचं, आजोबांचं, सासऱ्यांचं घड्याळ तुमच्या कपाटात असलं तरी ते एकट्या तुमचं नसतं. लग्नात जावयाला एचएमटी कांचन द्यायची पद्धत अनेक घरांत होती. त्या कांचनला बाजारात काय भाव आहे याच्याशी घरातल्या आत्याला काही देणंघेणं नसतं. तिला ते तिच्या लग्नातलं घड्याळ म्हणून आठवतं. भावंडांच्या ग्रुपवर फोटो टाका आणि सरळ लिहा: ‘दादांचं हे घड्याळ मला सांभाळणं जमत नाही, कोणाला हवंय का?’ उत्तराला महिनाभर द्या. कोणी हो म्हणालं तर सर्व्हिसिंग करून, नवा पट्टा घालून द्या, आणि कोणाचं, कधीचं, कोणत्या निमित्ताने आलं, ते चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. चिठ्ठी नसली तर पुढच्या पिढीत ते नुसतं एक जुनं घड्याळ होतं.

दोघांना एकच हवं असेल तर तुम्ही निवाडा करू नका. घरातल्या मोठ्यांवर सोपवा, आणि तोवर घड्याळ आहे तिथे राहू द्या.

परदेशात असलेल्या मुला-पुतण्यांना द्यायचं असेल तर एक कायदा लक्षात असू द्या. पुरावस्तू आणि कलाकृतींसंबंधीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातली वेस्ट एंडची घड्याळं, पणजोबांची खिशातली घड्याळं आता या वयात आली आहेत. बॅगेत घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

७. किंमत

तुम्ही किती दिले होते, सर्व्हिसिंगला किती घातले, हे वहीत असू द्या, पण विक्रीची किंमत ठरवताना ते पान मिटून ठेवा. घेणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसतं. मागितलेल्या किमतींवरही जाऊ नका. एखाद्या साइटवर कोणी एका जनताला काहीही मागू शकतो. तसंच घड्याळ प्रत्यक्षात कितीला गेलं, ते संग्राहकांना विचारा.

दुकानदाराला विकलंत तर तो त्याचा नफा आणि दुरुस्तीचा खर्च वजा करूनच किंमत देणार, आणि त्यात गैर काही नाही. दुसऱ्या संग्राहकाला विकलंत तर जास्त मिळतात, पण फोटो, प्रश्न, पॅकिंग, परत आलं तर पुढचं सगळं, हे तुम्हाला करावं लागतं. वीस घड्याळं असतील तर माझी पसंती अशी: चांगली पाच-सहा संग्राहकांना एकेक करून, बाकीची एकगठ्ठा.

विकण्याआधी सर्व्हिसिंग करावं का? साध्या एचएमटीला करू नका. खर्च वसूल होत नाही आणि जाणकार घेणारा आपल्या घड्याळजीकडूनच करून घेतो. शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं ते खरं सांगा. महाग ऑटोमॅटिकला अलीकडच्या सर्व्हिसिंगचं बिल असेल तर फरक पडतो.

८. विकताना

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथे भाव कळायला जरूर जा, पण विकायला तिथे नेलंत तर कवडीमोलात जाईल. ओळखीतून ओळख काढत संग्राहक गाठा.

ऑनलाइन विकताना एकच नियम पाठ करा: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. ‘कोड पाठवलाय, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील’ असं कोणी म्हणालं की बोलणं तिथेच थांबवा. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट नव्हे, बँकेच्या खात्यातली नोंद पाहा. समक्ष द्यायचं असेल तर घरी बोलावू नका. संग्रह घरी आहे हे अनोळखी माणसाला कळायचं कारण नाही. घड्याळजीच्या दुकानात भेटणं उत्तम, तिथे झाकण उघडून मशीनही दाखवता येतं.

कुरिअरने पाठवताना पट्ट्याचं बक्कल काचेवर घासणार नाही असं वेगळं गुंडाळा, डबी हलवून पाहा, आतून आवाज यायला नको. विमा उतरवा. पॅकिंगचा व्हिडिओ काढून ठेवा, आणि घेणाऱ्यालाही उघडताना व्हिडिओ काढायला सांगा.

दोन ओळींची पावती करा: घड्याळाचं वर्णन, मागचा आकडा, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही. स्वतःच्या वापरातल्या साध्या घड्याळाच्या विक्रीवर सहसा भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. पण दागिन्यांना ती सूट नाही. तेव्हा सोन्याच्या केसचं किंवा हिरे जडवलेलं घड्याळ असेल, किंवा खरेदी-विक्री धंद्यासारखी सतत चालत असेल, तर सीएला आधी विचारा.

सगळी एकदम विकू नका. पहिली पाच गेली की दोन-तीन महिने थांबा. चुकचुकल्यासारखं होतंय की मोकळं वाटतंय, ते पाहून पुढची पाच.

९. उरलेल्यांची व्यवस्था

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत चामडी पट्ट्यांना बुरशी धरते, आणि ती पट्ट्यावरून केसवर येते. जून लागण्याआधी झोपवलेल्या घड्याळांचे चामडी पट्टे काढून वेगळे ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि त्या दर दीड-दोन महिन्यांनी बदला किंवा वाळवून घ्या. ओल्या पुडीचा उपयोग नाही. कापूर, डांबरगोळ्या घड्याळांच्या कपाटात नकोत. जुनी चावीची घड्याळं पावसात घालायची नाहीत, झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी. आतलं रबर कधीच कडक झालेलं असतं.

वर्षातून एक दिवस वही अद्ययावत करायला ठरवून घ्या. खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं पूजेला काढतातच. त्याच दिवशी घड्याळंही काढली तर विसरायला होत नाही. झोपवलेल्यांना चावी न देता फक्त पुसायचं, सेलच्या घड्याळांत सेल गळत नाहीत ना ते पाहायचं, आणि वर्षभरात एकदाही न घातलेल्या घड्याळापुढे खूण करायची. सलग दोन खंडेनवम्या खूण पडली तर ते पाचव्या पायरीवरच्या डब्यात.

वहीत आणखी दोन रकाने आखा. एक, ‘हे पुढे कोणाला’. दुसरा, ‘विकायचं झालं तर कोणाला विचारावं’; यात घड्याळजीचं आणि एखाद्या विश्वासातल्या संग्राहकाचं नाव, फोन नंबर. वही कुठे असते ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या, आणि दर वर्षी तिचे फोटो काढून त्यांच्या फोनवर पाठवून द्या.